चांदभाईंची हजेरी

"चांदभाई, तुम्ही स्वतः कधी नॅशनलला का नाही गेलात?"

विचारलं बाई एकदाचं! पैजच लागली होती. सरू म्हणाली होती, "उत्पले, कॅप्टन झाल्यापास्नं लई मिजास करतीस ना, मग हे इचारून दाखव." छबूनं तर आपली नवी लाल रिबीन पणाला लावली होती. कितीतरी दिवस आमची आपसात कुजबूज चालली होती. ज्या माणसाला पळण्यातलं एवढं कळतं, त्याच्या दुकानात एक कप नाही, एक ढाल नाही, भिंतीवर साधा फोटो नाही. असं कसं? मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात उभं राहून "बाई, पाणी पिऊन येऊ?" एवढंही विचारत नव्हते. पण जिल्ह्यात पहिली आले आणि तेव्हापासून माझ्या जिभेला पाय फुटलेत, असं आई म्हणते.

चांदभाई शेतावरचे पंप दुरुस्त करतात आणि सकाळी आम्हा चौघींना पळायला शिकवतात. स्टेशनाजवळ पत्र्याचं दुकान आहे. मी विचारलं तेव्हा ते एक मोटर चालू करून तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलेलं आणि मूठ कानाला लावलेली. आतलं बेअरिंग कुरकुरतं का, हे असं ऐकू येतं म्हणे. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मोटर बंद केली.

"गेलो होतो," ते म्हणाले.

"अय्या! मग सांगितलं का नाही? कितवे आलात?"

दारात सरू आणि छबू एकमेकींना चिमटे काढत होत्या. चांदभाईंची मुलगी हसीना, म्हणजे आमच्या संघातली चौथी, आत चहा गाळत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

"दोघं गेलो होतो," चांदभाई म्हणाले, "येताना एकटा आलो."

आणि त्यांनी मोटर पुन्हा चालू केली. तिच्या घरघरीत पुढचं कुणाला काही विचारताच येईना. छबूनं ती रिबीन मला दिली नाही, मीही मागितली नाही.

चहा झाल्यावर त्यांनीच विषय बदलला. जिल्हा संघटनेचा निरोप आला होता. दोन राष्ट्रीय स्पर्धा एकाच आठवड्यात येत होत्या. एक लखनौला, ऐन जानेवारीत, मोठ्या अंतराची. तिथं निवड समितीची माणसं येणार होती आणि पळणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देऊन वसतिगृहात ठेवून घेणार होती. दुसरी मदुराईला. ती शाळांची, अंतर कमी, नावही कमी. आपला संघ कुठं जाणार, ते आठवड्याच्या आत कळवायचं होतं. आणि संघ धरायचा तर चार जणी शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, हा नियम दोन्हीकडे सारखाच. आम्ही बरोब्बर चार. पाचवी नाहीच.

"लखनौ!" मी ओरडले. "विचारायचं काय त्यात?"

"आत्ता नको सांगूस," चांदभाई म्हणाले. "चौघींशी बोल, घरी बोल, आणि मग सांग. कॅप्टन ठरवील. मी ठरवणार नाही."

"पण तुम्ही सर आहात आमचे."

"म्हणूनच."

त्यांनी हे इतक्या हळू म्हटलं, की मला उगाचच हातापायांवर काटा आला. पण तो किती वेळ टिकणार? घराकडे निघाले तेव्हा मी रस्त्यातून धावतच होते. लखनौ, लखनौ, लखनौ, अशी पावलं पडत होती माझी.

घरी मी दारातूनच बातमी फोडली. बाबा नुकतेच फर्स्ट शिफ्ट करून आले होते. त्यांनी मला उचलून घेण्यासाठी हात पुढे केले आणि मग मी दहावीत आहे हे आठवून ते तसेच मागे घेतले.

"जाईबाई, ऐकलंस का? कोंडीरामाची पोरगी लखनौला चालली," ते आईला म्हणाले. "उंद्या कंपनीत पेढं वाटतो का न्हाई बघ."

आईनं लगेच पत्र्याच्या पेटीतून जांभळी लोकर काढली. महिला मंडळात ती विणायला शिकली होती आणि हात वापरायला निमित्तच शोधत होती. "तिकडं थंडी लई असती," म्हणत तिनं माझ्या पाठीला सुई लावून माप घेतलं.

जेवताना मी चांदभाईंचं ते वाक्य सांगितलं. दोघं गेलो होतो, एकटा आलो. बाबांचा घास हातात राहिला.

"तू इचारलंस त्यास्नी? तोंडावर?"

"पैज होती."

"पैज!" बाबांनी आईकडं पाहिलं. मग म्हणाले, "चीनच्या लढाईच्या म्होरल्या सालची गोष्ट हाय. बरकत म्हनून धाकला भाऊ व्हता चांदभाईचा. दोघं बी हरणावानी पळायची. चौघांचा संघ, चांदभाई कॅप्टन. बरकतचं सांधं सुजायचं लहानपनापास्नं, मागनं मागनं धाप बी लागाया लागली. पर चौथा गडी त्योच. त्यो गेला न्हाई तर तिघंबी घरी बसनार. चांदभाईनं ठरवलं, जायाचं."

"मग?"

"मग काय. पळाला, पुरं पळाला त्यो. पोचल्यावर बसला, पानी मागितलं. पानी यायच्या आत…" बाबांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. "तिकडंच माती दिली. चांदभाई परत आला तो बरकतचं बूट हातात घिऊन. त्यानंतर कैक वर्सं त्यानं मैदानाकडं बघितलं न्हाई. हसीना शाळंत पळाया लागली तवा कुठं परत आला."

"जेवताना काय काढून बसता," आई म्हणाली, पण तिच्याही सुया थांबल्या होत्या.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मग मला हजेरी आठवली आणि बरं वाटलं. चांदभाई आमची हजेरी का घेतात, ते मला त्या क्षणी उमगलं होतं.

ही हजेरी म्हणजे त्यांची स्वतःची रीत. आम्ही रावेतच्या बाजूला नदीकाठानं पळतो. मध्ये बाभळींची दाट रांग आहे. तिच्यामागे गेलो की बंधाऱ्यावर सायकल धरून उभे असलेल्या चांदभाईंना आम्ही दिसत नाही. मग ते ओरडतात, "उत्पला!" मी पळता पळता "हजर!" म्हणायचं. "सरू!" हजर. "छबू!" हजर. "हसीना!" हजर. ज्याला बोलता येतं त्याला पळता येतं, असं त्यांचं म्हणणं. जिचा आवाज फाटेल, अडकेल, तिनं तिथंच थांबायचं आणि चालत परत यायचं. तिथं कॅप्टनचंही काही चालत नाही. स्क्रू ड्रायव्हर लावून पंपाचं आतलं ऐकायचं, तसंच हे. मला वाटलं, बरकतच्या वेळी हजेरी नव्हती. आमच्या वेळी आहे. मग भीती कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं आणि त्यात वरच्या कुठल्याशा कारखान्याचा पिवळट धूर मिसळला होता. बंधाऱ्याखाली मासे मरून पांढरी पोटं वर करून तरंगत होते. सरू रावेतचीच. ती म्हणाली, "आठ-पंधरा दिसांनी व्हतंच असं. वरनं कायतरी सोडत्यात. आमची म्हस बी तोंड लावत न्हाई." छबूनं नाकाला ओढणी लावली. हसीना हल्ली पळण्याआधी बोलत नाही. मला वाटायचं, मन लावते आहे.

मी पुढे होते. नेहमी मीच पुढे असते, आणि पुढे असलं की मागचं फक्त ऐकू येतं. बाभळींच्या रांगेत शिरले आणि बुटाच्या तळातून काटा आत गेला. तो कॅनव्हासचा बूट, तळ झिजलेला. मी एका झाडाला टेकून पाय वर घेतला. सरू आणि छबू माझ्या अंगावरून पुढे गेल्या. तेवढ्यात बंधाऱ्यावरून हाक आली.

"उत्पला!"

"हजर!" मी काटा उपसत ओरडले.

"सरू!" "हजर!" "छबू!" "हजर!"

"हसीना!"

"हजर!"

स्वच्छ, बारीक, वर चढत जाणारा आवाज. हसीनाचाच. पण तो माझ्या पुढून आला होता, आणि हसीना माझ्या मागे होती.

मी वळून पाहिलं. ती मागच्या बाभळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तोंड मिटलेलं, ओठ जांभळे. माझ्या स्वेटरची लोकर आहे ना, अगदी तसे. डोळे माझ्याकडं होते. तिनं एक हात सोडवून बोट ओठांवर ठेवलं. गप्प, अशी खूण केली.

पुढे सरूनं मागे वळून पाहिलं आणि मी उभी आहे हे बघून ती जागीच थबकली. गावच्या जत्रेत सगळ्यांच्या नकला करून हसवणारी सरू. हेडबाईंपासून कंडक्टरपर्यंत कुणाचाही आवाज काढणारी.

आम्ही चौघी नदीकाठच्या पंपघराच्या मागे बसलो. पलीकडे चांदभाई आमची वाट बघत असणार, म्हणून हळू आवाजात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं," सरू म्हणाली. ती रडत होती, पण आवाज चिडका होता. "मग काय करायचं? चौथी न्हाई तर आपन कुठं जानार? शाळंत नाय का कुनी न्हाई आलं तर आपन दुसऱ्याची हजेरी लावत? मीच म्हनलं तिला, मी देते तुजी."

"ही शाळा आहे का?"

"उगाच कॅप्टनगिरी दाखवू नगंस," छबू म्हणाली. "लखनौ लखनौ तूच करतीस सारखी. आमी कुनासाठी गप बसलो?"

हसीनाचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. तिच्या गळ्याच्या खळगीत काहीतरी पाखरासारखं फडफडत होतं. मला एकदम आठवलं, पाचवीत ती गुडघे सुजले म्हणून किती दिवस शाळेत आली नव्हती. आम्ही तिला 'म्हातारी' म्हणून चिडवायचो.

"रात्री आडवं झालं की छाती दाटते," ती म्हणाली. "मग भिंतीला टेकून बसूनच झोपते. अम्मी विचारते. मी सांगते, अभ्यास करता करता डोळा लागला."

"अगं, अब्बूंना सांग ना!"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की तिला खोकला आला. "तुला नाही माहीत, आधी आमच्या घरात कसं होतं. अब्बू दुकानातून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. बस्स. ईदलासुद्धा तसंच. आता येतात ते तुमच्या नकला करत येतात. उत्पला अशी छाती काढून पळते, छबू पदर सावरल्यासारखे हात हलवते. अम्मी पोट धरून हसते गं. हे सगळं माझ्या एका 'हजर'वर चाललंय. ते गेलं तर काय होईल, सांग."

मग ती माझा हात धरून म्हणाली, "आपण मदुराईला जाऊ. तिथं थंडी नसते. अंतरही कमी आहे. मी हळू पळेन, शेवटची येईन, पण येईन. मदुराई म्हण ना, उत्पला."

"व्हय," सरू घाईनं म्हणाली. "मदुराईच बरी."

"मदुराई," छबूही म्हणाली.

आणि खरं सांगते, मलाही ते क्षणभर पटलं. लखनौ सोडायचं म्हणजे मी केवढा त्याग करते आहे, असंही वाटून गेलं. बंधाऱ्यावरून हाक आली, "पोरींनो, कुठं आहात?" आणि सरू अगदी सवयीनं, न विचारता, हसीनाच्या आवाजात ओरडली, "आलो, अब्बू!"

हसीना आमच्यासमोर बसली होती, ओठ मिटून. आणि तिचा आवाज तिच्यावाचून नदी ओलांडून चालला होता.

संध्याकाळी मी एकटी दुकानात गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. जाताना वाक्यही जुळवलं होतं. चांदभाई खुश दिसत होते. पुढ्यात मोटर नव्हती. वर्तमानपत्रावर एक बुटांचा जोड होता, जुना, चामडं कडक होऊन वाळक्या सालीसारखं वळलेलं, तळाला खिळे. ते चिंधीनं त्याला तेल चोळत होते. हे बूट मी कधी पाहिले नव्हते, पण बाबांच्या तोंडून ऐकले होते.

"ये, कॅप्टन," ते म्हणाले. "बघ, मऊ होतात का. हसीनाला बसतील असं वाटतंय. पोरीचे पाय त्याच्यावरच गेलेत."

त्याच्यावर म्हणजे कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

"चांदभाई, हजेरीत…" मी म्हटलं. "हजेरीत आमचे आवाज कसे येतात?"

"चांगले येतात. छबूचा जरा नाकात. तुझा शेवटी शेवटी फाटतो, तू सुरुवातीलाच फार उधळतेस."

"आणि हसीनाचा?"

त्यांचा हात बुटावर फिरत राहिला. "सगळ्यात चांगला," ते म्हणाले. "सुरुवातीला जसा, शेवटी तसाच. थकतच नाही पोरगी."

मी तोंड उघडलं. वर्गात, मैदानावर, हेडबाईंसमोर आता न घाबरता उघडतं ते. पण त्यातून काही निघालं नाही. त्यांनी बुटाचा पुढचा भाग दाबून पाहिला आणि हसले. इतके हसरे चांदभाई मी दुकानात कधी पाहिले नव्हते.

"काय ठरलं मग? लखनौ की मदुराई?"

"उद्या सांगते."

"उद्या सांग. पण मला विचारू नकोस काही. एकदा मी ठरवलं होतं." आणि त्यांनी दुसरा बूट उचलला.

मी निघाले. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपतच नव्हती. तिथं उभी असताना माझ्या मनात आलं: हा माणूस मोटरच्या पोटात लपलेला आवाज ओळखतो. गिऱ्हाईक पंप घेऊन दारात आलं की बघायच्या आधी सांगतो, काय बिघडलंय ते. याला स्वतःच्या मुलीचा आवाज आणि सरूचा आवाज वेगळा कळत नसेल?

गाडी गेली, फाटक उघडलं, सायकली सुटल्या. माझ्या मागचा माणूस घंटी वाजवत म्हणाला, "ए पोरी, झोपलीस का?" मी तरी जागची हलले नाही. त्यांना कळत असेल तर? कळत असून त्यांना चारही आवाज हवे असतील तर? मग मदुराई काय आणि लखनौ काय. ऊन काय आणि थंडी काय. रेषेपलीकडं जाऊन ती बसेल, पाणी मागेल, आणि पुन्हा कुणीतरी बूट हातात घेऊन परत येईल. तेच बूट.

घरी आले तेव्हा खाटेवर प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायचा एक हिरवा होल्डॉल उलगडलेला होता. बाबांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी मागून आणला होता आणि त्याचे पट्टे ओढून बघत होते. "मिल्ट्रीचा माल हाय," ते म्हणाले. "समद्या शॉपला सांगितलं म्या. माझ्यासंगं काम करनारा हिंदुराव म्हनला, पोरगीला घिऊन ये एक डाव, साह्यबास्नी दाखवू." आईनं मला बघताच विणलेली बाही माझ्या दंडावर चढवली. एक पूर्ण झाली होती, दुसरी अर्धी सुयांवर लोंबत होती. बाही उबदार होती आणि मला त्यात हात ठेवावासा वाटला.

"हात सरळ धर की," आई म्हणाली.

मी बाही उतरवली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"आई, ही पुरी कर, पण माझ्या मापानं नको. हसीनाच्या मापानं कर. तिची छाती दाटते, तिला रात्री बसून झोपावं लागतं."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"बाबा, होल्डॉल परत देऊन या. ठरलं माझं. लखनौ नाही आणि मदुराईही नाही. आम्ही कुठंच जात नाही. उद्या सकाळी चांदभाई बंधाऱ्यावरून हजेरी घेतील. हसीनाचं नाव येईल. मी पुढे नसेन, तिच्याशेजारी असेन. आणि सरूनं तोंड उघडायच्या आत मी ओरडणार आहे, नदीच्या पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: गैरहजर."